जामिनी राय यांचे ‘माता आणि बालक’ : लोकचित्राचे ऋण आणि त्याच्या मर्यादा

१

जामिनी राय (१८८७–१९७२) यांच्या चित्रांविषयी लिहिताना ‘लोककलेवरून स्फुरलेली’ हे विशेषण इतक्या सहजपणे योजले जाते की, त्याने नेमके काय सांगितले जाते हे तपासून पाहण्याचे कारणच कोणास वाटत नाही. या विशेषणाच्या आश्रयाने दोन परस्परविरुद्ध मते सुखाने नांदत आली आहेत. एका मताप्रमाणे राय हे बंगालच्या पटुआंचे खरेखुरे वारस होत. कलाशाळेत शिकलेला एक चित्रकार आपल्या गावाकडे परतला आणि तुटलेला धागा त्याने पुन्हा जोडला, असे हे मत सांगते. दुसऱ्या मताप्रमाणे खेड्यातील रूपे उचलून ती शहरी दिवाणखान्यास शोभतील अशी सजविणे एवढेच रायांनी केले. ही दोन्ही मते लोककलेस रूपांचा साठा समजतात. एकास त्या साठ्याचा वारसाहक्क दिसतो, तर दुसऱ्यास त्याची उचलेगिरी. परंतु पटचित्र ही केवळ रूपे नव्हेत. ती एक काम करण्याची रीत आहे, त्या रीतीमागे एक व्यवसाय आहे आणि त्या व्यवसायामागे ऐकणारा व पाहणारा समाज आहे. यांपैकी काय रायांनी घेतले, काय सोडले आणि सोडलेल्याची किंमत कोठे मोजावी लागली, हे एका चित्राच्या आधारे पाहिल्यास या विशेषणास काही निश्चित अर्थ येऊ शकेल.

त्यासाठी नवी दिल्ली येथील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातील, १९४० मधील माता व बालक यांचे चित्र सोयीचे आहे. विटकरी तांबड्या पार्श्वभूमीवर मळकट पिवळ्या रंगाच्या दोन आकृती आणि त्यांना बांधून टाकणारी जाड, वळणदार काळी रेषा एवढीच त्याची सामग्री. मागे घर नाही, झाड नाही, क्षितिजाची ओळ नाही. प्रकाश कोणत्या बाजूने येतो हे सांगणारी छाया नाही. प्रथमदर्शनी हे चित्र इतके सोपे भासते की, त्यात पाहण्यासारखे फारसे काही उरले नाही असा ग्रह व्हावा. हे सोपेपण कोठून आले, हाच येथे प्रश्न आहे.

२

रायांचा जन्म बांकुडा जिल्ह्यातील बेलियातोड या गावचा. याच जिल्ह्यात विष्णुपूर आहे आणि तेथे मल्ल राजांनी सतराव्या शतकात बांधलेली विटांची मंदिरे आहेत. १६४३ मधील श्यामराय, १६५५ मधील जोडबांगला आणि १६९४ मधील मदनमोहन या मंदिरांच्या भिंती भाजलेल्या मातीच्या उठावचित्रांनी भरून गेल्या आहेत. प्रस्तुत चित्रातील पिवळ्या व विटकरी रंगांचा मेळ या मृण्मय भिंतींची आठवण करून देतो, हे अनेकांनी नोंदविले आहे आणि ते योग्यच आहे. तथापि हा परिसर लहानपणी पाहिला म्हणून तो चित्रात उतरला, इतके हे सरळ नाही. १९०३ मध्ये राय कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत दाखल झाले. तेथे ते पाश्चात्त्य पद्धतीचे तैलरंग शिकले आणि पुढे कित्येक वर्षे व्यक्तिचित्रांवर त्यांनी उदरनिर्वाह केला. त्या कामात त्यांचा हात चांगलाच बसलेला होता. १९२५ च्या सुमारास त्यांनी या मार्गाकडे पाठ फिरविली, ती हे कौशल्य साधले नाही म्हणून खचितच नव्हे.

त्यांच्यापुढे आणखी एक वाट तयार होती, ती अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या संप्रदायाची. जपानी चित्रकारांच्या सहवासातून या संप्रदायाने ‘वॉश’ पद्धती आत्मसात केली होती. कागद वारंवार भिजवून, रंगावर रंग धुऊन घेऊन चित्रभर एक धूसर वातावरण निर्माण करावयाचे, हा त्या पद्धतीचा गाभा. तीमधून स्मरणरंजनाचा भाव चांगला साधत असे. परंतु रेषेचा कणा त्या धुक्यात विरघळून जाई. रायांना हवी होती ती नेमकी उलट गोष्ट. चित्राचा पृष्ठभाग पृष्ठभागच राहावा, रेषेने आकार निःशंकपणे सांगावा आणि रंगाने तो भरावा, ही त्यांची निकड चित्रकाराची होती. स्वदेशीच्या भावनेशी ती जुळली, हे खरे. पण केवळ भावनेने चित्र घडत नाही.

या निकडीचे उत्तर त्यांना प्रथम कालीघाटच्या पटांत दिसले. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या कालीमंदिराच्या परिसरात येऊन वसलेले पटुआ गिरणीच्या स्वस्त कागदावर जलरंगांनी झरझर चित्रे काढून यात्रेकरूंना नाममात्र किमतीस विकत. देवदेवतांबरोबरच शहरातील छानछोकी बाबू, त्याची रंगेल मैत्रीण, ढोंगी वैरागी असे विषयही त्यांत येत. १८७३ मध्ये तारकेश्वरच्या महंताच्या प्रकरणातून एलोकेशीचा तिच्या पतीने वध केला, तेव्हा त्या खटल्याचीही चित्रे या बाजारात निघाली. घाईच्या कामाने या पटुआंच्या कुंचल्यास एक विलक्षण सफाई आणली होती. खांद्यापासून मनगटापर्यंत एकाच फटकाऱ्यात उतरणारी त्यांची रेषा जगातील कोणत्याही रेखाटनाच्या शेजारी ठेवता येईल. छापील देवादिकांच्या चित्रांपुढे हा धंदा टिकला नाही. कलकत्ता आर्ट स्टुडिओ, पुण्याची चित्रशाळा आणि रविवर्म्यांचा मुंबईत १८९४ मध्ये निघालेला छापखाना यांसारख्या ठिकाणांहून निघालेल्या चित्रांनी देशभर जी बाजारपेठ व्यापली, तिच्यात हाताने रंगविलेल्या पटास जागा उरली नाही. रायांनी पटाकडे लक्ष वळविले, तेव्हा कालीघाटचा पट जवळजवळ मावळला होता.

१९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रायांनी काजळीच्या शाईने कुंचल्याची एकरंगी रेखाटने विपुल केली. १९२९ मध्ये मुकुल दे यांनी कलाशाळेत त्यांचे प्रदर्शन भरविले, ते याच संक्रमणकाळात. परंतु कालीघाटपाशी राय थांबले नाहीत. कालीघाटचा पटुआ शहराच्या चवीस वश झाला, त्याच्या रेषेत शहरी चटपटीतपणा आला, असे त्यांचे मत बनले आणि ते बांकुड्याच्या खेड्यांतील पटांकडे, बाहुल्यांकडे व मातीच्या कामाकडे वळले. या निर्णयाचे महत्त्व पुष्कळदा ध्यानात घेतले जात नाही. कालीघाटची रेषा वेगवान व उपरोधिक आहे. गावच्या पटाची रेषा संथ व गंभीर आहे. रायांनी जाणूनबुजून वेग सोडला आणि संथपणा पत्करला. ‘माता आणि बालक’ या चित्रातील शांततेचा उगम या निवडीत आहे.

३

ही निवड साधनांतही उतरली. तैलरंग आणि विलायती कापड त्यांनी बाजूस ठेवले. घरी विणलेल्या कापडावर चुन्याचा हात देऊन, क्वचित चटईवर, फळीवर किंवा जाड कागदावर ते रंगवू लागले. रंग मोजके सातच : तांबडा, पिवडी, हिरवा, हिंगूळ, राखी, निळा व पांढरा. दगडाची पूड, पाऱ्याची भुकटी, नदीचा गाळ, नीळ आणि खडू यांपासून ते सिद्ध होत आणि चिंचोक्यांच्या खळीने बांधले जात. बाह्यरेषेस काजळी. विष्णू दे व जॉन अर्विन यांनी १९४४ मध्ये रायांवर जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तीत या साधनसामग्रीचा तपशील आला आहे आणि पुढील लेखनात तो वारंवार उद्धृत झाला आहे. संग्रहालयांच्या नोंदींत ही चित्रे कधी टेंपेरा म्हणून, तर कधी ग्वाश म्हणून नोंदलेली आढळतात. पाण्यात मिसळणाऱ्या चिकट द्रव्याने बांधलेले अपारदर्शक रंग, असा व्यापक अर्थ घेतला असता त्यांना टेंपेरा, म्हणजे चिक्कणरंगातील चित्रे, म्हणण्यास प्रत्यवाय नाही. युरोपीय परंपरेत अंड्याचा बलक जे काम करतो, तेच येथे चिंचोक्यांची खळ करते.

परंतु साधनांची ही यादी देऊन थांबणे म्हणजे स्वयंपाकाच्या सामानालाच जेवण म्हणण्यासारखे होय. महत्त्वाचे आहे ते या साधनांनी चित्रकारावर घातलेले बंधन. असा रंग लवकर सुकतो. ओल्या रंगात रंग मिसळून उजेडातून सावलीकडे हळूहळू जाण्याची जी मुभा तैलरंग देतात, ती येथे नाही. रंग एकसारखा पसरावा लागतो आणि तो ज्या सीमेपर्यंत पसरावयाचा ती सीमा आधीच ठरलेली असावी लागते. म्हणजे चित्रातील खरा निर्णय रेषेच्या वेळीच होऊन जातो. रंग त्या निर्णयाची अंमलबजावणी करतो. तैलचित्रकार चुकत, दुरुस्त करीत, रंगाच्या थरांतून आपल्या आकाराकडे जातो. या पद्धतीत ती सवड नाही. आयुष्याची पंधरा-वीस वर्षे ज्याने छायाप्रकाशावर प्रभुत्व मिळविण्यात घालविली, त्याने असे माध्यम पत्करणे ही एक प्रकारे स्वतःच्याच कौशल्यावर घातलेली बंदी होती. रायांनी पटुआंकडून जे घेतले त्यात ही शिस्त सर्वांत मोलाची, आणि रूपे त्या शिस्तीमागून आली.

प्रस्तुत चित्रात या शिस्तीचे फळ स्पष्ट दिसते. छायेच्या साहाय्यावाचून देहाची गोलाई दाखवावयाची, तर ते काम रेषेच्या जाडीवर आणि वळणावर येऊन पडते. रेषा जेथे फुगते तेथे देहाचे वजन जाणवते. जेथे ती बारीक होते तेथे आकृती हलकी होते. माता व बालक यांच्यातील अंतर रंगाने दाखविलेले नाही, कारण दोघांचा रंग एकच आहे. त्यांना वेगळे करते ती फक्त रेषा, आणि तीच रेषा त्यांना एकत्रही धरते. मातृत्वाविषयीचे कोणतेही भाष्य, मुखावरील वात्सल्य, डोळ्यांतील ओलावा, चित्रकाराने केलेले नाही. एका रंगाच्या दोन आकृती एका रेषेने दुभंगलेल्या व सांधलेल्या आहेत, यात जे सांगावयाचे ते सांगून झाले आहे. चित्राचा आशय त्याच्या रचनेपासून वेगळा काढता येत नाही, ही उत्तम चित्राची खूण येथे निर्विवाद आढळते.

४

आता पटापासून रायांनी काय सोडले हे पाहावयास हवे. बंगालचा पारंपरिक पट, विशेषतः मेदिनीपूर, वीरभूम, बांकुडा या भागांतील गुंडाळीचा पट, केवळ पाहण्यासाठी नसतो. पटुआ गुंडाळी उलगडीत जातो आणि प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून कथा गातो. मराठी वाचकास चित्रकथ्याच्या परंपरेवरून याची कल्पना सहज येईल. येथे चित्र अर्धे असते. उरलेले अर्धे गाणे पुरविते. तेच ते चित्र दहा गावांत दहा वेळा नवे होते, कारण गाणारा, ऐकणारे आणि प्रसंग दर वेळी वेगळे असतात. रायांच्या चित्रात हे गाणे नाही. त्यांची माता कोण, कोणत्या कथेतील, हे सांगितलेले नाही. तिला यशोदा म्हणावे, गणेशजननी म्हणावे, संथाळ स्त्री म्हणावे, किंवा ख्रिस्तजीवनावरील त्यांची चित्रे आठवून मेरी म्हणावे. आकृतीचा साचा फारसा बदलत नाही. कथा गेली, तिची जागा प्रतिमेने घेतली. उलगडणारा पट स्थिर मूर्तीत रूपांतरित झाला.

हा फरक डोळ्यांत सर्वांत स्पष्ट होतो. संथाळांमध्ये ‘चक्षुदान’ पटाची एक प्रथा आढळते. कोणी मृत झाले की जादूपटुआ त्या घरी मृताचे चित्र घेऊन येतो. त्या चित्रातील डोळ्यास बुबुळ नसते. दृष्टीवाचून मृतात्मा परलोकी भटकतो आहे, असे सांगून तो दान मागतो आणि दान मिळाल्यावर बुबुळ रंगवितो. येथे डोळा रंगविणे ही एक कृती आहे. तिने जिवंत माणसे मृताशी जोडली जातात. रायांच्या आकृतींचे कानाकडे ओढलेले, मत्स्याकार डोळे प्रसिद्ध आहेत. त्यांच्या चित्राची ओळख बहुतेकांस त्या डोळ्यांवरूनच पटते. परंतु हे डोळे कोणाकडे पाहत नाहीत आणि कोणी त्यांना दृष्टी देण्याची वाटही पाहत नाहीत. खांद्याच्या वळणास, पदराच्या काठास उत्तर देणारा तो एक आकार आहे. लोकपरंपरेत जी कृती होती, ती येथे आकृती झाली आहे. यास हानी म्हणावे की परिवर्तन, हे वाचकाच्या कलाविषयक भूमिकेवर अवलंबून राहील. पण हा बदल घडला हे नाकारता येणार नाही. ‘पटुआंचे वारस’ हे वर्णन यामुळेच अपुरे पडते.

याच काळात दुसऱ्या एका बंगाली चित्रकाराने पटाचे ऋण कसे वापरले, हे तुलनेने पाहण्यासारखे आहे. १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुरा येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी नंदलाल बसूंनी टेंपेरातच जे फलक रंगविले, त्यांचाही आधार पटशैली हाच होता. ढोल वाजविणारा, कापूस पिंजणारा, शेतकरी, गृहिणी असे श्रमजीवनातील विषय त्यांत आहेत. ते कमानीखाली, तंबूभोवती, येणाऱ्याजाणाऱ्या शेतकऱ्यांनी पाहावयाचे होते, आणि म्हणून नंदलालांची रेषा धावती, लवचीक, कामात गुंतलेली आहे. पटाचा सार्वजनिक स्वभाव नंदलालांनी उचलला, तर पटाचा संयम रायांनी. एकाचे चित्र वाटेवर उभे राहून बोलते. दुसऱ्याचे भिंतीवर बसून मौन धरते. दोघेही पटुआ नव्हेत; दोघांनीही आपापल्या गरजेप्रमाणे परंपरेचे एकेक अंग निवडले.

५

रायांच्या मौनावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. १९४३ मध्ये बंगालवर दुष्काळाची आपत्ती कोसळली. कलकत्त्याच्या रस्त्यांवर खेड्यांतून आलेली माणसे अन्नावाचून मरू लागली. त्यांत लेकराला छातीशी धरलेल्या माताही होत्या. झैनुल आबेदीन यांनी शाईने काढलेली त्या वेळची रेखाटने आणि चित्तप्रसाद यांची मेदिनीपूरची चित्रे याच मातांची आहेत. चित्तप्रसादांची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका सरकारने जप्त केली; पुढे ते मुंबईत येऊन राहिले. या चित्रांतही रेषाच प्रधान आहे, पण ती हाडांची रेषा आहे. अशा वेळी रायांची माता तशीच भरल्या अंगाची आणि अविचल राहिली. युद्धामुळे कलकत्त्यात आलेले परदेशी सैनिक त्यांची चित्रे आवडीने विकत घेत. ज्या खेड्याच्या नावाने हे चित्र उभे होते, ते खेडे उद्ध्वस्त होत असता चित्रावर त्याचा ओरखडाही नाही, हा आक्षेप निराधार नाही.

यावर असे म्हणता येईल की, प्रस्तुत चित्र दुष्काळाच्या आधीचे आहे आणि रायांचे खेडे हे भूगोलातील खेडे नसून समाजाच्या एका सुसंगत अवस्थेची कल्पना आहे. वसाहतीच्या शहरास दिलेले ते एक उत्तर होते. हे समर्थन काही अंशी मान्य करावे लागते. परंतु कल्पनेस वास्तवाचा स्पर्श दीर्घकाळ झाला नाही, तर ती साच्यात गोठू लागते, हेही तितकेच खरे. आणि रायांच्या पुढील काळातील अनेक चित्रांत तसे झाले आहे. येथे त्यांच्या कार्यशाळेचा प्रश्न उपस्थित होतो.

एकाच रचनेच्या अनेक प्रती काढणे, त्या कामात मुलास व इतरांस सहभागी करून घेणे, आणि सामान्य मध्यमवर्गीयास परवडेल अशा किमतीत त्या विकणे, हे रायांनी बुद्धिपुरस्सर केले. चित्र हे एकमेवाद्वितीय व म्हणून मौल्यवान, ही बाजाराने पोसलेली समजूत त्यांना मान्य नव्हती. पटुआ तेच चित्र शंभरदा काढतो, मग आपण का काढू नये, असा त्यामागील विचार दिसतो. तो प्रामाणिक होता याविषयी शंका नको. पण पटुआच्या पुनरावृत्तीस गाण्याचा, सणाचा, श्रोत्यांचा आधार होता; त्या आधाराने ती दर वेळी ताजी होई. रायांनी पट घेतला, पण तो समाज त्यांना घेता येण्यासारखा नव्हता. दिवाणखान्यातील भिंत चित्राला काही परत देत नाही. त्यामुळे जेथे पहिल्या प्रतीत रेषेचा शोध होता, तेथे पुढील कित्येक प्रतींत रेषेचा सराव उरला. माध्यमाची शिस्तच येथे उलटली : सर्व निर्णय रेषेत होत असल्याने, रेषा पाठ झाली की निर्णय घेण्याचे कारणच संपते.

याचा एक विपरीत परिणाम आज समोर आहे. १९७२ च्या पुरातन वस्तू व कलानिधी अधिनियमाखाली रायांची चित्रे ‘कलानिधी’ ठरली असून ती देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. अनेकांच्या घरी असावे म्हणून जे चित्र अनेकदा काढले गेले, ते आता दुर्मीळ ठेव म्हणून जपले जाते. आणि खरे कोणते, कार्यशाळेतील कोणते, बनावट कोणते, याचा शोध घेताना अभ्यासक व संग्राहक यांची तारांबळ उडते. केवळ सहीवर विसंबून हा शोध पुरा होण्यासारखा नाही, कारण हे कामच एका हाताचे नव्हते. अधिक भरवशाची कसोटी रेषा हीच होय. ज्या चित्रात रेषेची जाडी देहाच्या वजनाप्रमाणे बदलते, वळणावर ती क्षणभर विचार करते आणि दोन आकृतींमधील संबंध तिच्यावर अवलंबून राहतो, ते चित्र कोणत्याही प्रतीच्या क्रमांकाचे असो, पाहण्यास योग्य आहे. जेथे रेषा सर्वत्र सारख्याच जाडीने फिरते आणि रंगाचे कुंपण एवढेच तिचे काम उरते, तेथे सही असूनही फारसे काही हाती लागत नाही.

या कसोटीवर १९४० मधील ‘माता आणि बालक’ नि:संशय उतरते. त्यात पटुआचे गाणे नाही आणि दुष्काळाची साक्षही नाही. त्या दोन्हींची अपेक्षा त्याच्याकडून करणे म्हणजे त्याने जे सोडून दिले तेच त्याच्याकडे मागणे होय. त्याने जे पत्करले, म्हणजे मोजके रंग, सपाट पृष्ठभाग आणि सर्व भार वाहणारी एक रेषा, त्यात ते पूर्णत्वास पोहोचले आहे. बंगालच्या लोककलेचे ऋण रायांनी रूपांच्या सारखेपणाने फेडलेले नाही. एका कसबी चित्रकाराने आपले कसब बाजूस ठेवून खेड्यातील कारागिराची मर्यादा स्वीकारली आणि त्या मर्यादेत स्वतःस पटेल असे चित्र शोधले, हे ते ऋण होय. जोवर हा शोध चालू होता तोवर चित्र जिवंत राहिले. तो थांबल्यावर मागे राहिली ती शैली, आणि दुर्दैवाने लोकांच्या अधिक ओळखीची झाली तीही तीच.